उपग्रहचित्रांवरून धूर आणि धुळीचा माग कसा काढावा : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

२३ जानेवारी २०२२ हा रविवारचा दिवस होता. पनवेलमध्ये आमच्या गच्चीच्या कठड्यावरून बोट फिरवले, तेव्हा त्याला पिठासारखी पांढुरकी भुकटी लागली. स्कूटरच्या सीटवर तिचाच थर बसला होता आणि ओल्या फडक्याने पुसल्यावर त्याचा फिकट मातकट चिखल झाला. एरवी गच्चीवरून स्पष्ट दिसणारा प्रबळगड पूर्णपणे दिसेनासा झाला होता. इमारतीतल्या लोकांनी आधी कारखान्यांवर, मग रस्त्याच्या कामावर संशय घेतला, आणि मीही त्यांच्यात होतो. प्रत्यक्षात ती धूळ आदल्या दिवशी कराचीच्या बाजूने निघून, सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरून आणि अरबी समुद्रावरून आपल्यापर्यंत आली होती. हे मला तीन दिवसांनी उमगले, कारण चित्रे सर्वांसाठी खुली असूनही ती कुठे आणि कशी पाहायची हे मला ठाऊक नव्हते.

तेव्हापासून मी हे नियमाने पाहत आलो आहे. सुरुवातीला माझे जे चुकले ते आपले चुकू नये आणि हवा गढूळ दिसताच तासाभरात आपल्याला खात्रीचे उत्तर मिळावे, यासाठी हे लिहीत आहे. एक गोष्ट आधीच मनात पक्की करावी, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्याच आधारावर आहेत : उपग्रहाचे चित्र ही एकच साक्ष असते. चित्र, जमिनीवरील मोजमाप आणि वाऱ्याची दिशा या तिन्हींची साक्ष जुळल्याशिवाय चित्रात दिसणाऱ्या धूसर पट्ट्याला धूर किंवा धूळ असे नाव देऊ नये.

हाताशी काय असावे

पुढील सर्व साधने विनामूल्य आहेत. मोबाइलवर ती उघडतात, पण फिकट पट्टे ओळखायचे असतील तर संगणकाचा मोठा पडदा आणि अंधारी खोली यांचा खरोखर उपयोग होतो.

– नासाचे वर्ल्डव्ह्यू : रोजची उपग्रहचित्रे, थेट २००० सालापर्यंत मागे जाता येते. पाहण्यासाठी नोंदणी लागत नाही.
– नासाचेच फर्म्स : आगीच्या ठिपक्यांचा नकाशा.
– इन्सॅटची चित्रे : भारतीय हवामान विभागाच्या संकेतस्थळावर, तसेच अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राच्या मोसडॅकवर. मोसडॅकवरून मूळ माहिती उतरवून घ्यायची असेल तर नोंदणी करावी लागते.
– युमेटव्ह्यू : हिंद महासागरावर स्थिर असलेल्या युरोपीय मेटिओसॅट उपग्रहाची चित्रे. धुळीसाठी हे फार मोलाचे आहे.
– केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची केंद्रनिहाय, तासागणिक आकडेवारी.
– हायस्प्लिट : हवा कुठून आली याचा उलटा मार्ग काढून देणारे अमेरिकेच्या नोआ संस्थेचे साधन.
– एक वही. ती का लागते ते शेवटच्या पायरीत सांगितले आहे.

पायरी १ : आधी घड्याळ लावून घ्या

बहुतेक संकेतस्थळांवरील वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते आणि आपले घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. चित्रावर ०८:०० लिहिले असेल तर ते भारतात दुपारी दीडचे चित्र असते. दिवसाच्या चित्रांत यामुळे फारसा घोळ होत नाही, पण रात्रीच्या आगीच्या ठिपक्यांत तो हमखास होतो. ५ तारखेला पहाटे दीड वाजता टिपलेला ठिपका जागतिक वेळेनुसार ४ तारखेच्या २०:०० वाजता नोंदला जातो, आणि आपण ५ तारीख उघडून ‘इथे तर काहीच नव्हते’ असे म्हणून मोकळे होतो.

दुसरी बाब म्हणजे उपग्रहांचे दोन प्रकार. पहिला प्रकार ध्रुवांवरून फिरणाऱ्यांचा. टेरा, अ‍ॅक्वा, सुओमी एनपीपी, नोआ-२० आणि नोआ-२१ हे त्यातले. ते एका जागेवरून दिवसा एकदा आणि रात्री एकदा जातात, पण जमिनीच्या जवळ असल्याने बारकावे टिपतात. दुसरा प्रकार भूस्थिर उपग्रहांचा : आपले इन्सॅट, युरोपचा मेटिओसॅट, जपानचा हिमावरी. हे विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून एकाच भागाकडे अखंड पाहत असतात. त्यांचे चित्र भरड असते, पण ते दर दहा, पंधरा किंवा तीस मिनिटांनी येते. पहिल्या प्रकारावरून ‘काय आहे’ हे कळते आणि दुसऱ्यावरून ‘कुठे चालले आहे’ हे कळते.

टेरा सकाळी साडेदहाच्या आणि अ‍ॅक्वा दुपारी दीडच्या सुमारास जातो असे जुन्या लेखांत आपल्याला वाचायला मिळेल. हे दोन्ही उपग्रह आता जुने झाले आहेत आणि त्यांच्या वेळा सरकत आहेत : टेरा पूर्वीपेक्षा लवकर येतो, अ‍ॅक्वा उशिरा. त्यामुळे प्रत्येक चित्राची वेळ स्वतः तपासावी.

पायरी २ : मोठ्या चौकटीपासून सुरुवात करा

वर्ल्डव्ह्यू उघडल्यावर डावीकडे थरांची (लेयर्सची) यादी दिसते. त्यात ‘करेक्टेड रिफ्लेक्टन्स – ट्रू कलर’ हा थर निवडावा, म्हणजे साध्या डोळ्यांना दिसेल तसे चित्र मिळते. हा थर वेगवेगळ्या उपग्रहांचा असतो. मी नोआ-२० किंवा सुओमी एनपीपीवरील व्हिअर्स या उपकरणाचा घेतो, कारण तो एका फेरीत टिपतो ती पट्टी सुमारे तीन हजार किलोमीटर रुंद असल्याने आपल्या अक्षांशांवर मध्ये रिकामी जागा राहत नाही. टेरा आणि अ‍ॅक्वावरील मोडिस या उपकरणाच्या चित्रांत दोन पट्ट्यांमध्ये मोकळी फट राहते. ती फट नेमकी आपल्या गावावर आली तर तो दोष चित्राचा नाही, फक्त दुसरा उपग्रह निवडावा.

नवखा माणूस सर्वप्रथम आपल्या गावावर जाऊन चित्र मोठे करतो. तसे करू नये. धूर आणि धूळ यांचा आकार शेकडो किलोमीटरचा असतो, आणि जवळून पाहिल्यावर तो आकारच नाहीसा होऊन केवळ धूसर डाग उरतो. महाराष्ट्रासाठी कराचीपासून गोव्यापर्यंतचा भाग एका चौकटीत घ्यावा, उत्तरेच्या धुरासाठी लाहोरपासून पाटण्यापर्यंत. त्यानंतर एक-एक दिवस मागे जात पट्टा कोठे सुरू झाला ते पाहावे. सरावासाठी २१ ते २४ जानेवारी २०२२ या तारखा उघडून कराचीपासून मुंबईपर्यंतचा समुद्र पाहावा. मध्ये ढगही आहेत, आणि म्हणूनच तो सराव चांगला होतो.

पायरी ३ : जे धूर किंवा धूळ नाही ते आधी बाजूला काढा

माझी पहिली मोठी चूक येथेच झाली. मार्चमधल्या एका चित्रात रत्नागिरीच्या पश्चिमेला समुद्रावर रुंद, रुपेरी, झळाळता पट्टा दिसला आणि ‘अरबस्तानातून धूळ निघाली आहे’ असे मी चार जणांना कळवून टाकले. ती सूर्याची चकाकी होती. समुद्राच्या पृष्ठभागावरून सूर्यप्रकाश थेट उपग्रहाच्या दिशेने परतला की असा पट्टा दिसतो. ओळखण्याची खूण सोपी आहे : त्याच दिवसाचे सकाळचे आणि दुपारचे चित्र शेजारी ठेवावे. चकाकी दुसऱ्या चित्रात भलत्याच जागी गेलेली असते. खरी धूळ काही तासांत शेकडो किलोमीटरची उडी मारत नाही. वर्ल्डव्ह्यूमध्ये दोन चित्रे एकमेकांवर सरकवून पाहण्याची सोय आहे, ती यासाठी वापरावी.

डिसेंबर-जानेवारीत पंजाबपासून बिहारपर्यंत पसरणारे धुके हा दुसरा फसवा प्रकार. धुके शुभ्र आणि एकसारखे गुळगुळीत असते, हिमालयाच्या पायथ्याशी त्याची कड सुरीने कापल्यासारखी दिसते आणि दुपारपर्यंत ते कडांकडून विरत जाते. धुरके मात्र राखाडी असते, त्याखालची शेते आणि नद्या अंधूक दिसत राहतात आणि दुपारीही ते हटत नाही. धुके आणि धुरके अनेकदा एकावर एक असतात, म्हणून केवळ सकाळचे चित्र पाहून निष्कर्ष काढू नये.

उंचावरचे विरळ ढग तंतूंसारखे दिसतात. त्यांची शंका पुढच्या पायरीतल्या अवरक्त (इन्फ्रारेड) चित्रावरून फिटते.

पायरी ४ : धूर की धूळ?

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि येथे घाई करू नये.

रंग पाहण्यापूर्वी उगम पाहावा. धूर एका बिंदूपासून निघतो आणि घोड्याच्या शेपटीसारखा पसरत जातो. अनेक आगी असतील तर अनेक शेपट्या पुढे जाऊन एकमेकींत मिसळतात. धूळ सहसा एका बिंदूपासून निघत नाही. कोरडे तलाव, नद्यांची आटलेली पात्रे, उघडी वाळू अशा रुंद भागावरून ती समांतर रेघांनी उठते आणि पुढे तिची चादर होते. अफगाणिस्तान-इराण सीमेवरील सीस्तानच्या खोऱ्यात हे फार स्पष्ट दिसते. तेथील हामून सरोवरे आटली की उन्हाळ्यात ‘१२० दिवसांचा वारा’ म्हणून ओळखला जाणारा उत्तरेकडचा वारा त्यांचा तळ अक्षरशः उचलून नेतो. पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यावरून समुद्रात उतरणारे धुळीचे पिवळट पिसारेही असेच रेघारेघांचे असतात.

मग रंग. ताजा धूर निळसर-राखाडी, धूळ पिवळट ते तपकिरी. याचे कारण कणांच्या आकारात आहे. धुराचे बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) लहान असतात आणि ते निळा प्रकाश अधिक विखुरतात. धुळीचे कण त्यांच्या कित्येक पट मोठे असतात आणि खनिजांमुळे निळा प्रकाश शोषून घेतात. रंगावर मात्र पूर्ण विसंबू नये. जाड आणि जुना धूर तपकिरी दिसतो, आणि समुद्रावर विरळ झालेली धूळ पांढुरकी दिसते, अगदी आमच्या स्कूटरवरच्या भुकटीसारखी.

यासाठी तीन कसोट्या आहेत. मी त्या याच क्रमाने लावतो.

पहिली कसोटी : वर्ल्डव्ह्यूमध्ये मोडिसचा ‘७-२-१’ थर लावावा. व्हिअर्सचा असाच थर ‘एम११-आय२-आय१’ या नावाने आहे. यात लघु-अवरक्त प्रकाश वापरलेला असतो, ज्याच्या लहरी धुराच्या सूक्ष्म कणांपेक्षा लांब असल्याने त्या धुराला पार करून जातात. साध्या चित्रात दिसणारा राखाडी पट्टा या थरात जवळजवळ नाहीसा झाला, खालची जमीन स्वच्छ दिसू लागली आणि जळालेले भाग विटकरी रंगात उमटले, तर तो धूर असण्याची शक्यता मोठी. जाड ढग आणि जाड धूळ अशी नाहीशी होत नाहीत.

दुसरी कसोटी : युमेटव्ह्यूवरील ‘डस्ट आरजीबी’. हे चित्र अवरक्त किरणांच्या तीन लहरलांबींपासून बनते, म्हणून ते रात्रीही चालते आणि वाळवंटावरही चालते. वाळवंटावर साधे चित्र निरुपयोगी ठरते, कारण खाली वाळू आणि वरही वाळूच. जमिनीतून निघणारी उष्णता धुळीतून जाताना दोन जवळच्या लहरलांबींवर वेगवेगळ्या प्रमाणात शोषली जाते, आणि विरळ बर्फकणांच्या ढगात हाच फरक उलट दिशेने पडतो. या फरकाला रंग दिला की धूळ ठळक गुलाबी-किरमिजी दिसते, उंच जाड ढग गडद तांबडे दिसतात आणि विरळ उंच ढग काळसर. पहिल्यांदा पाहिल्यावर हे रंग विचित्र वाटतात, पण आठवडाभर रोज पाहिल्यावर डोळा बसतो. येथे एक सापळा आहे : धूर या चित्रात जवळपास दिसतच नाही. म्हणून ‘गुलाबी नाही, म्हणजे हवा स्वच्छ’ असा अर्थ कधीही काढू नये.

तिसरी कसोटी : अतिनील किरणांवर आधारलेला ‘एरोसोल इंडेक्स’, म्हणजे हवेतल्या सूक्ष्म कणांचा निर्देशांक, आणि त्याच्या जोडीला कार्बन मोनॉक्साइड. एरोसोल इंडेक्स प्रकाश शोषणारे कण दाखवतो आणि ते ढगांवर तरंगत असले तरी दाखवतो, ही त्याची मोठी ताकद आहे. पण धूर आणि धूळ दोन्ही प्रकाश शोषतात, त्यामुळे त्या दोघांतला भेद त्याला करता येत नाही. तो भेद कार्बन मोनॉक्साइडचा थर करतो, कारण हा वायू जळण्यातून निघतो आणि वाळवंटातून उठलेल्या धुळीसोबत येत नाही. निर्देशांक चढलेला आणि कार्बन मोनॉक्साइडही चढलेला, तर धूर. निर्देशांक चढलेला पण कार्बन मोनॉक्साइड नेहमीइतकाच, तर धूळ. दोन्ही एकत्र असण्याची शक्यता उत्तर भारतात एप्रिल-मे महिन्यांत खरोखर असते, कारण गव्हाचे बुडखे जळत असतानाच थरच्या वाळवंटातून धूळ येते. तेव्हा ‘मिश्रण’ असेच लिहावे.

पायरी ५ : आगीचे ठिपके वाचायला शिका

फर्म्सवर तांबडे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एक आग नव्हे. तो उपग्रहाच्या चित्रातला एक चौकोन असतो, ज्यात कुठेतरी आसपासच्या जमिनीपेक्षा पुष्कळ अधिक उष्णता आढळली. मोडिससाठी हा चौकोन सुमारे एक किलोमीटरचा आणि व्हिअर्ससाठी ३७५ मीटरचा असतो. एका चौकोनात तीन वेगवेगळ्या शेतांतले बुडखे असू शकतात, आणि एक मोठा वणवा वीस चौकोनांत पसरू शकतो. ठिपक्यावर टिचकी मारल्यावर वेळ, विश्वासाची पातळी आणि आगीची उत्सर्जित शक्ती मेगावॉटमध्ये दिसते. या तिन्ही गोष्टी वाचल्याशिवाय ठिपके मोजू नयेत.

महाराष्ट्रात फेब्रुवारी ते मे या काळात नकाशा ठिपक्यांनी भरून जातो, आणि बाहेरगावचे लोक ते पाहून ‘सह्याद्री पेटला’ असे लिहितात. आपल्याला गाव ठाऊक असते, म्हणून आपण अधिक नेमके वाचू शकतो. रायगड, रत्नागिरीत पावसाळ्याआधी भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. त्या आगी लहान असतात आणि अनेकदा उपग्रहाला दिसतही नाहीत. कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगरकडे ऊस तुटून गेल्यावर पाचट पेटवतात, ते ठिपके शेतांवर आणि दिवसा येतात. गडचिरोलीत मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावली जाते, आणि तीच आग पुढे हाताबाहेर जाऊन वणवा होतो. डोंगरउतारावर सलग ओळीने आलेले, रात्रीच्या फेरीतही टिकून राहिलेले ठिपके दिसले तर तो वणवा समजावा. नंतर युरोपच्या कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर सेंटिनेल-२ उपग्रहाचे त्या भागाचे चित्र उघडले तर जळालेला काळा डाग शेताच्या बांधापर्यंत स्पष्ट मोजता येतो. हे चित्र रोजचे नसते, पण त्यातला एक चौकोन दहा मीटरचा असतो.

काही ठिपके आगीचे नसतातच. पोलाद कारखान्यांच्या भट्ट्या, तेलविहिरींवरील गॅसच्या ज्वाला, झारखंडमधील झरियाच्या शतकभर धुमसणाऱ्या कोळसा खाणी वर्षभर त्याच जागी दिसत राहतात. मागच्या महिन्याची तारीख उघडून पाहावी, ठिपका तेथेच असेल तर तो वगळावा.

ठिपक्यांच्या संख्येची तुलना करताना तर विशेष काळजी घ्यावी. पंजाबात १५ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर या हंगामात भाताचा पेंढा जाळण्याच्या २०२१ मध्ये ७१,३०४ घटना नोंदल्या गेल्या आणि २०२४ मध्ये १०,९०९. घट झाली आहे हे खरे, पण ही मोजणी प्रामुख्याने ठरावीक वेळी वरून जाणाऱ्या उपग्रहांवर आधारलेली असते. दुपारी दीडनंतर पेटवलेली आणि संध्याकाळपर्यंत विझलेली आग त्या मोजणीत येत नाही. ढगाखालची आणि दाट धुराखालची आगही सुटते. म्हणून ‘इतके टक्के घट’ असे लिहिण्याआधी भूस्थिर उपग्रहाची संध्याकाळची चित्रे आणि जळालेले क्षेत्र पाहावे. याचा संबंध लाखो लोकांच्या श्वासाशी आणि तितक्याच शेतकऱ्यांच्या नावाशी आहे, त्यामुळे ही काळजी मला अत्यावश्यक वाटते.

आणि जंगलात आग लागल्याचे दिसले तर नकाशा पाहत बसू नये. फर्म्सची नोंद येईपर्यंत तीन तास जाऊ शकतात. महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर आधी कळवावे. ज्यांना आपल्या भागाची सूचना नियमित हवी आहे त्यांच्यासाठी भारतीय वन सर्वेक्षणाची वणव्याची इशारा सेवा आहे, ती मोबाइलवर संदेश पाठवते.

पायरी ६ : चित्रे हलती करून पाहा

पट्टा ओळखला की इन्सॅट किंवा मेटिओसॅटची चित्रे एकामागून एक चालवून पाहावीत. सहा तासांची मालिका पुरेशी असते. ढग वाढतात आणि विरतात. धूर आणि धूळ मात्र वाऱ्यासोबत सरकत राहतात. सकाळी व संध्याकाळी ऊन तिरपे असताना विरळ पट्टे अधिक उठून दिसतात, म्हणून त्या वेळा चुकवू नयेत.

येथे उपग्रहाची मर्यादाही समजून घ्यावी. १३ मे २०२४ रोजी दुपारी चारनंतर मुंबईत जे धूळवादळ आले, ज्यात घाटकोपरचा महाकाय जाहिरात फलक कोसळून माणसे दगावली, ते लांबून आलेले नव्हते. वळवाच्या गडगडाटी ढगातून थंड हवा खाली कोसळली आणि तिने पुढची धूळ उचलली. अशी घटना तासाभरात संपते, दीड वाजता गेलेल्या उपग्रहाला ती दिसूच शकत नाही, आणि वरून पाहणाऱ्या भूस्थिर उपग्रहालाही धुळीऐवजी ढगाचा माथाच दिसतो. अशा वेळी हवामान विभागाच्या रडारची चित्रे आणि तातडीचे इशारेच पाहावेत. ढगांचा जथा दिसला नसताना आकाश दिवसभर गढूळ असेल, तेव्हा या लेखातील पद्धत वापरावी.

पायरी ७ : जमिनीवरची साक्ष घ्या

उपग्रहाला जमिनीपासून आकाशापर्यंतचा सगळा थर एकत्र दिसतो. त्यातले किती आपल्या नाकाशी आहे हे त्याला थेट सांगता येत नाही. जून २०२३ मध्ये कॅनडातील वणव्यांचा धूर न्यूयॉर्कवर उतरला आणि ७ जूनला तेथील आकाश नारिंगी झाले. न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांनी ते अनुभवले. त्याच महिन्याच्या अखेरीस तो धूर अटलांटिक ओलांडून युरोपवर पोहोचला, पण तेथे तो बराच उंचावर असल्याने मुख्यतः आभाळ फिकट झाले आणि सूर्यास्त लालसर दिसले. दोन्हीकडे चित्रात धूर होताच, श्वासात मात्र तो सारखा नव्हता.

म्हणून जवळच्या केंद्राचे आकडे उघडावेत. केवळ ‘एक्यूआय’ (हवा गुणवत्ता निर्देशांक) पाहू नये : आपल्याकडे कणांसाठी तो मागील २४ तासांच्या सरासरीवर ठरतो, त्यामुळे धूळ येऊन पोहोचली तरी तो हळूहळू चढतो. शिवाय भारतीय आणि अमेरिकी मापनपट्ट्या वेगळ्या असल्याने दोन अ‍ॅप एकाच हवेला दोन आकडे देतात. पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) आणि पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण) यांची तासागणिक मूल्ये घ्यावीत आणि दुसऱ्याला पहिल्याने भागावे. समजा पीएम १० तीनशे आणि पीएम २.५ नव्वद असेल, तर गुणोत्तर ०.३ येते, म्हणजे भरड कण जास्त, म्हणजे बहुधा धूळ. तीनशेला दोनशे दहा असेल तर ०.७ येते, म्हणजे सूक्ष्म कण जास्त, म्हणजे धूर किंवा शहरी प्रदूषण. एकाच केंद्रावर विसंबू नये, कारण शेजारी बांधकाम सुरू असेल तर तेथील पीएम १० रोजच चढलेले असते. चार-पाच केंद्रांवर काही तासांच्या अंतराने, वाऱ्याच्या दिशेनेच आकडे चढत गेले, तर बाहेरून काही आले असे म्हणता येते.

पायरी ८ : वाऱ्याचा उलटा माग काढा

हायस्प्लिटवर ‘बॅकवर्ड’ मार्ग निवडावा, आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश द्यावेत, जागतिक वेळ भरावी आणि ४८ तास मागे जावे. उंची एकच देऊ नये. जमिनीपासून १००, ५०० आणि १५०० मीटर अशा तीन द्याव्यात. तिन्ही रेषा एकाच दिशेला गेल्या तर भरवसा वाढतो. त्या फाकल्या तर वेगवेगळ्या उंचीवर वेगवेगळा वारा होता एवढेच खरे, आणि मग चित्रातला पट्टा कोणत्या रेषेशी जुळतो ते पाहावे. रेषा म्हणजे रूळ नव्हेत. सह्याद्रीसारख्या चढाजवळ आणि किनाऱ्यावरच्या खाऱ्या-मतलई वाऱ्यात त्यांच्यात चूक वाढते.

जानेवारी २०२२ च्या घटनेत ही पायरी निर्णायक ठरते. त्या वेळी उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी हवामान प्रणाली) जात होता आणि त्याच्या मागे वायव्येचा जोरदार वारा सुटला होता. मुंबईहून मागे जाणारा मार्ग समुद्रावरून वायव्येकडे, सौराष्ट्र आणि सिंधच्या दिशेने जातो की नाही, आणि २२ तारखेच्या चित्रातली धूळ त्याच बाजूला आहे की नाही, हे आपण स्वतः करून पाहावे. एकदा हे हाताने केले की पुढच्या वेळी कारखान्यावर आळ घेण्याआधी आपण नकाशा उघडतो. उलटपक्षी, मार्ग स्वच्छ समुद्रावरून येत असेल आणि तरीही गावात भुकटी पडत असेल, तर उगम जवळच आहे आणि तेव्हा कारखान्याची चौकशी झालीच पाहिजे.

पायरी ९ : नोंद ठेवा आणि मगच इतरांना पाठवा

वहीत तारीख, भारतीय वेळ, उपग्रह व उपकरण, लावलेला थर, पीएमचे दोन्ही आकडे, वाऱ्याची दिशा आणि शेवटी आपला निष्कर्ष लिहावा. निष्कर्षासमोर ‘खात्री’, ‘शक्यता’ किंवा ‘शंका’ यांपैकी एक शब्द लिहावा आणि नंतर चूक आढळली तर खोडू नये, खाली तारीख घालून दुरुस्ती लिहावी. दोन हंगाम झाल्यावर आपल्या गावावर कोणत्या महिन्यात काय आणि कुठून येते हे ही वही सांगू लागते.

चित्र पाठवताना त्याचा नुसता फोटो पाठवू नये. जुनी चित्रे नव्या तारखेला फिरतात आणि लोक घाबरतात. वर्ल्डव्ह्यूच्या ‘शेअर’ दुव्यात तारीख, जागा आणि थर तिन्ही जपले जातात, म्हणून तोच पाठवावा आणि खाली एक ओळ लिहावी : कोणता उपग्रह, कोणत्या दिवशी, भारतीय वेळेनुसार किती वाजता, आणि पट्ट्याला धूळ किंवा धूर म्हणण्यासाठी दुसरी आणि तिसरी साक्ष कोणती मिळाली. ती मिळाली नसेल तर ‘अजून पडताळायचे आहे’ असे लिहावे.